किनाऱ्यावरची नोंदवही : प्राणी व वन्यजीव विज्ञानातील शिक्षण आणि सेवा

विद्यार्थ्यांच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला की वैद्यक, अभियांत्रिकी, शिक्षकी पेशा आणि स्पर्धा परीक्षा यांची चर्चा आपल्याकडे आवर्जून होते. प्राणी आणि वन्यजीव यांच्या शास्त्रांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. एखाद्या मुलाने वा मुलीने ते घेतलेच, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "एवढे शिकून पुन्हा गुराढोरांतच जायचे काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

लादलेले काम आणि निवडलेले ज्ञान

गावातील मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांवर जातीने लादलेले होते. ते नाकारण्याची मुभा नव्हती आणि ते करण्यात मान नव्हता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, स्वाभिमानाने जगा आणि मुलांना शिकवा, असे आवाहन केले. त्या काळात असे काम सोडणाऱ्यांना गावोगावी बहिष्कार आणि उपासमार सोसावी लागली. ज्या घरांनी ही किंमत मोजली, त्या घरांना 'जनावरांचे काम' हे शब्दच खुपले तर नवल नाही.

परंतु बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती आणि अवहेलना. ज्ञान त्यांनी कधीच नाकारले नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे करताना त्यांनी कलाशाखेच्या बरोबरीने विज्ञानशाखाही ठेवली. जन्माने गळ्यात पडलेले काम आणि स्वतः निवडून, अभ्यासाने मिळविलेली विद्या यांत मूलभूत अंतर आहे. प्राण्याच्या शरीराला हात दोघेही लावतात. परंतु एकाला तेथे जातीने उभे केलेले असते, आणि दुसरा त्या प्राण्याच्या मृत्यूचे कारण शोधून ते स्वतःच्या सहीने लिहून देतो.

बौद्ध परंपरेलाही हा विषय परका नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचा, तसेच औषधी वनस्पती आणवून लावल्याचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिलेली असून निष्कारण वने जाळू नयेत असेही सांगितले आहे. करुणेला औषधाची, यादीची आणि नियमाची जोड लागते, हे त्या राजाने जाणले होते. आज आपल्याकडे हेच काम वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्याच्या अनुसूची करतात.

आपला किनारा : उघडी प्रयोगशाळा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विद्यार्थ्याला या शास्त्रांची सुरुवात करण्यासाठी दूर जावे लागत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते आणि तेथील पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ आहेत. कर्ली आणि कोळंब यांसारख्या खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. वर घाटमाथ्यावर आंबोली आहे. तेथील महादेव मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाला 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असे शास्त्रीय नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ते स्थळ जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. हा मासा कुंडावर पाणी भरणाऱ्यांनी त्यापूर्वीही पाहिला असणार. परंतु त्याचे वेगळेपण मोजून, वर्णन करून प्रसिद्ध झाले तेव्हाच तो शास्त्राच्या दृष्टीने 'सापडला'.

पाहणे आणि नोंदवणे यांतील हे अंतर कासवांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्याच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. साधारण पन्नास ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. वायंगणी, तांबळडेग यांसारख्या किनाऱ्यांवरील लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री पळवीत आणि माणसेही उकरून नेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोकणात ठिकठिकाणी पसरले.

या कामामागे पक्के शास्त्र आहे. अंडी हलवायची झाल्यास ती घातल्यानंतर काही तासांतच हलवावी लागतात आणि हलविताना त्यांची वरची बाजू खाली होऊ देता येत नाही. कारण गर्भ लवकरच कवचाच्या आतील बाजूस चिकटतो आणि अंडे उलटले तर तो दगावतो. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. तापमान तीस अंश सेल्सिअसच्या वर गेले की माद्यांचे प्रमाण वाढते आणि वाळू थंड राहिली तर नरांचे. म्हणजे किनारा तापत गेला तर पुढील पिढीतील नर-मादींचा मेळ बिघडू शकतो. घरट्यात तापमापक ठेवून रोज आकडा लिहिणारा विद्यार्थी हवामानबदलाचा अभ्यास करीत असतो, मग त्याला तसे कोणी सांगितलेले असो वा नसो.

आणखी एक घटना पाहा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर परावर क्रमांकाची धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागर येथे उपग्रह-यंत्र बसविलेली 'बागेश्री' नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा संबंध काय, या प्रश्नाचा विचार शास्त्रज्ञांना त्यामुळे नव्याने करावा लागला. पट्टीवरील तो क्रमांक रात्रीच्या अंधारात कोणीतरी नीट वाचला आणि लिहून ठेवला, म्हणूनच हे शक्य झाले.

प्राण्यांचा मृत्यू आणि माणसांचे आरोग्य

हे सारे छंदाचे विषय आहेत, असे कोणाला वाटेल. त्यांनी दोडामार्ग आणि बांदा परिसरातील माकडताप आठवावा. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेलेला हा विषाणूजन्य रोग २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात माणसांचे बळी घेऊ लागला. तो गोचिडींमार्फत पसरतो. माकडांनाही तो होतो आणि जंगलात माकडे मरून पडू लागणे ही धोक्याची पहिली सूचना असते. काजूच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या, रानातून सरपण व पाला आणणाऱ्या गरीब माणसाला त्याचा सर्वाधिक धोका. मेलेले माकड दिसल्याबरोबर त्याला हात न लावता खबर देणारा ग्रामस्थ, नमुने घेणारा पशुवैद्य, गोचिडींचा अभ्यास करणारा कीटकशास्त्रज्ञ आणि दवाखान्यातील डॉक्टर ही एकाच साखळीची कडी आहेत. त्यातील एक जरी तुटली, तरी किंमत मजुराच्या घराला मोजावी लागते. प्राणिविज्ञान शिकलेला आपला मुलगा किंवा मुलगी आपल्या माणसांच्या किती उपयोगी पडेल, हे यावरून ध्यानी यावे.

शिक्षणाच्या वाटा

पहिली वाट पशुवैद्यकाची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा द्यावी लागते. आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तो शिकविला जातो. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते, स्वतःचा दवाखाना काढता येतो, किंवा पुढे शिकून वन्यप्राण्यांच्या उपचाराकडे वळता येते.

दुसरी वाट मत्स्यविज्ञानाची. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे आणि तेथील पदवी चार वर्षांची आहे. उच्च शिक्षणासाठी मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ज्या घरात रापण आणि होडी आहे, त्या घरातील मुलाला या विषयाचे अर्धे शब्द शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतात.

तिसरी वाट संशोधनाची. प्राणिशास्त्र वा अन्य विज्ञानातील पदवीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. प्रवेश परीक्षा अवघड आणि जागा थोड्या असतात. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आजही क्षेत्रीय संशोधन करीत आहे.

चौथी वाट वनसेवेची. वनरक्षकाची भरती बारावीनंतर होते. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे राज्य लोकसेवा आयोगाची, तर भारतीय वनसेवा संघ लोकसेवा आयोगाची. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यातील नोकरी करता करताच अरण्याचे अभ्यासक आणि लेखक झाले. आदिवासी आणि पारध्यांकडून ऐकलेले प्राणी-पक्ष्यांचे शब्द त्यांनी जन्मभर टिपून मराठीला दिले. ते २००६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

या चारही वाटांवर न जाणाऱ्यांसाठीही किनाऱ्यावर काम आहे. वेंगुर्ले येथील स्वामिनी महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली आणि झाडांची, पक्ष्यांची माहिती देणे हेच रोजगाराचे साधन केले. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे.

अडचणी लपवू नयेत

या क्षेत्रात सारे सुरळीत आहे, असे सांगणे पालकांची फसवणूक ठरेल. संशोधन प्रकल्पांतील नोकऱ्या बहुधा मुदतीच्या असतात. शिक्षणाचा काळ लांब असतो. उन्हातान्हात, पावसात आणि रात्री-अपरात्री काम करावे लागते. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची व सुरक्षिततेची काळजी रास्त असते आणि संस्था निवडताना तिची चौकशी केलीच पाहिजे. साप गळ्यात घालून छायाचित्रे काढणे म्हणजे वन्यजीवशास्त्र नव्हे, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

पैशांच्या अडचणीवर मात्र काही उपाय आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर परदेशातील शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. अटी आणि मुदती दरवर्षी पाहाव्या लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेत तयार ठेवणे हे पालकांचे पहिले काम होय.

याहून खोल अडचण वेगळीच आहे. बाहेरून आलेला अभ्यासक वाट दाखविण्यासाठी, होडी हाकण्यासाठी आणि घरटे शोधण्यासाठी गावातील माणूस बरोबर घेतो. माहिती गावाची असते, निबंधावर नाव मात्र अभ्यासकाचे येते. यात त्या अभ्यासकाचा दोष असतोच असे नाही. लिहिण्याची विद्या त्याच्याकडे असते. ती आपल्या मुलांकडे आली, तर होडीवरील माहितगार आणि निबंधाचा लेखक एकच असेल.

आठवीपासूनचा पाठ

ही विद्या महाविद्यालयात जाण्याची वाट पाहत नाही. आमची विद्यार्थ्यांना सूचना आहे की शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, भरती की ओहोटी, काय दिसले, किती दिसले आणि ते प्राणी काय करीत होते, एवढे लिहावे. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ताडलेले वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. 'बगळा मासे शोधत होता' हे अनुमान आहे. 'बगळा पाण्यात दहा मिनिटे स्थिर उभा होता' हे निरीक्षण आहे. काहीच दिसले नाही, तर 'शून्य' लिहावे, कारण शून्यही नोंद आहे. मालवणी नाव प्रथम लिहावे, शास्त्रीय नाव नंतर शोधावे. पिल्लांना हात लावू नये, घरटे उकरू नये, जखमी वन्यप्राणी घरी आणू नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

अशा नोंदीला व्यवहारातही किंमत आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव सोडविण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर राज्य शासन २०१८ च्या निर्णयानुसार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. परंतु सुटकेची छायाचित्रे सादर करावी लागतात. नोंद नसेल, तर त्या मच्छीमाराची करुणा त्याच्याच घराला महाग पडते.

पालकांना आमची विनंती एवढीच की मुलाने वा मुलीने ही वाट मागितली, तर 'गुराढोरांत जायचे काय' या प्रश्नापाशी थांबू नये. कोणत्या पदवीने, कोणत्या पदावर आणि कोणत्या शिष्यवृत्तीने जायचे, असे विचारावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वनखात्यात, पशुसंवर्धन वा मत्स्यव्यवसाय विभागात किंवा महाविद्यालयांत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा, मुलांच्या वह्या तपासाव्यात आणि त्यांना आपल्या कामाच्या जागी न्यावे. कासवांचा हंगाम दरवर्षी येतो. पुढच्या हंगामात किनाऱ्यावरील घरट्याशेजारी वही घेऊन आपल्या शाळेचे विद्यार्थी बसलेले असावेत आणि त्या वहीवर त्यांचेच नाव असावे.