आन्सर-की नसलेले प्रश्न

पोरी, लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं काढून तू आता नांदेडला, विष्णुपुरीच्या गुरु गोविंदसिंगजी कॉलेजात पोचलीस. 1981 पासूनचं कॉलेज आहे, तिथं शिकायला मिळतंय याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. पण आयटीत जायचं म्हणतेस, तर काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो.

लातूर पॅटर्ननं तुला बैठक दिली. तोच पेपर पुन्हा सोडवायचा, चुकलेला प्रश्न वहीत वेगळा उतरवायचा, आठ दिवसांनी परत त्यालाच भिडायचं. ही सवय मोडू नकोस. मात्र तिथल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुणीतरी आधीच छापून ठेवलेलं होतं. कंपनीत समोर एवढंच येतं की कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडलाय. का, ते तूच शोधायचं. म्हणून आन्सर-की नसलेले प्रश्न आत्तापासून हातात घे.

असे प्रश्न घरातच आहेत. आबांकडं मोंढ्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्यांची चळत पडलीय. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम. त्यावरून कोणत्या महिन्यात माल नेला तर काय पडलं हे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिही. लिहायला बसलीस की कळेल, एकाच आडत्याचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलंय, एका पट्टीवर तारीखच नाही, कुठं क्विंटल तर कुठं कट्टे. खऱ्या कामातला निम्मा वेळ असला घोळ निस्तरण्यातच जातो. केलेलं काम गिटहबवर टाकत जा, आज काय बदललं ते एका ओळीत लिहून. शेवटच्या वर्षाला रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेणारी पोरं मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडतात. ‘हे टेबल असंच का केलं?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

कोड लिहायला एआयची मदत जरूर घे. पण त्यातली एक ओळही समजल्याशिवाय पुढं सरकू नकोस.

शिकायला पैसे लागतीलच असं नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. ऐकता ऐकता शेजारी करून बघायचं. एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, फी फक्त परीक्षेला. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क एवढं पक्कं कर. फ्रेमवर्क बदलत राहतात. ॲप्टिट्यूडचं तुला सांगायला नको. बॅकलॉग मात्र राहू देऊ नकोस, बऱ्याच कंपन्या दारातच अडवतात.

इंग्रजीची भीती मला जास्त सलते. आपली पोरं लेखी परीक्षा काढतात आणि मुलाखतीत गप्प बसतात. येत असतं, पण बोलत नाहीत. रोज जेवण झालं की रूममेटला पाच मिनिटं इंग्रजीत सांग, आज काय केलं आणि कुठं अडलं. व्याकरण चुकू दे, वाक्य पूर्ण कर.

पुण्यात गेल्यावर दोन-तीन महिने नोकरी नाही लागली की कुणीतरी भेटतंच, पैसे भरा, दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देतो म्हणणारं. त्याच्या नादी लागू नकोस, मैत्रिणींनाही लागू देऊ नकोस. कंपन्या नेमणुकीआधी कागद तपासतात. यूएएन नंबरवर पीएफ कुणी, कधीपासून भरला ते दिसतं. पत्र खोटं निघालं की लागलेली नोकरी तर जातेच, वर पुढच्या तपासणीची धास्ती कायमची. त्यापेक्षा कमी पगाराची, पण खरं काम देणारी छोटी कंपनी बरी.

पहिलं काम सपोर्टचं मिळालं तरी तोंड वाकडं करू नकोस. बंद पडलेली यंत्रणा कशी उठवायची हे तिथं शिकायला मिळतं. अडलं की अर्धा तास स्वतः झगड, काय काय करून पाहिलं ते लिही, मग सीनियरला विचार.

आणि ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. बाँड किती वर्षांचा, नोटीस पिरियड किती, कापून हातात किती पडणार, हे आपण दोघं मिळून वाचू. मूळ मेमो आणि टीसी कुणी ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नकोस, झेरॉक्स दे.