घरविक्रीचे दिवस, फिनाइल आणि घरचे मांजर

आखाजी सरली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि बदल्यांचे हुकूम हाती पडू लागले, म्हणजे भुसावळात घरांच्या खरेदी-विक्रीची धांदल सुरू होते. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मुलांकडे पुण्या-नाशिकला निघालेली मंडळी आणि शेत राखून गावातले धाब्याचे घर विकायला काढणारे आमचे शेतकरी बांधव यांची त्यात भर पडते. गुरांचे लसीकरण, उष्माघात, चाऱ्याची तजवीज हे सारे आपणांस ठाऊक आहे असे गृहीत धरून या खेपेस मी निराळ्याच आपत्तीविषयी लिहीत आहे. कारण उंबऱ्याबाहेर कधी न गेलेली मांजरे याच दिवसांत, घर विकण्याच्या घाईपायी, फिनाइलने विषबाधा होऊन दवाखान्यात येत आहेत.

गिऱ्हाईक घर पाहायला येणार म्हणून मांजराचा वास लपविण्याच्या हेतूने फरशी, मोरी, जिन्याखालची अडगळ, सारे फिनाइलने धुऊन निघते, आणि झळा आत येऊ नयेत म्हणून दारे-खिडक्या बंदच राहतात. माणसाच्या यकृतात फिनाइलमधली कार्बोलिक जातीची द्रव्ये निर्विष करून बाहेर टाकण्याची जी शक्ती आहे, ती मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. त्यामुळे ओल्या फरशीवरून चालून गेलेले मांजर कोपऱ्यात बसून पंजे चाटू लागते, तेव्हा प्रत्येक चाटण्यासरशी ते विषच पोटात घेत असते. काळे फिनाइल तेवढे वाईट आणि पांढरे निरुपद्रवी, हा समज सर्वस्वी भ्रामक आहे. पांढऱ्यातले पाइन तेलही मांजराला सोसत नाही. मोरीत टाकलेल्या डांबराच्या गोळ्याही तितक्याच घातक.

तापीकाठच्या एका गावातील प्रकरण मला विसरता येत नाही. घराचा सौदा जवळजवळ पक्का झाला होता. आजींनी मांजर टेबलावर ठेवले तेव्हा त्याच्या हनुवटीखालचे केस लाळेने चिकटले होते, जिभेची कड सोलवटली होती, मागचे पाय थरथरत होते, आणि पंजांजवळ नाक नेताच तो उग्र दर्प आला. जास्त घातले म्हणजे वास लवकर जातो, या हिशेबाने घरच्या कर्त्या पुरुषाने एका बादलीत बाटलीच्या बाटली ओतली होती, आणि उतारा म्हणून वाटेत दूध-तूप बळेच पाजले होते. मांजर वाचले, परंतु कित्येक दिवस त्याला घास गिळवेना.

ही घरगुती वैद्यकी आता तरी सोडा. मिठाच्या पाण्याने ओकारी काढली तर भाजलेली अन्ननलिका पुन्हा भाजते. बळेच पाजलेले दूध फुप्फुसात उतरू शकते. आणि कण्हते म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी तर धडधाकट मांजराचाही प्राण घेऊ शकते. पंजे आणि अंग कोमट पाण्याने व भांड्यांच्या साबणाने धुवावे, कोरडे करावे, चाटू देऊ नये, आणि फिनाइलची बाटली बरोबर घेऊन तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

वास घालवायचाच तर मांजराच्या पाटीतली माती-वाळू सकाळ-संध्याकाळ बदला, डाग पडलेली जागा साध्या पाण्याने धुऊन पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसा, आणि अंथरूण-गोधड्या धाब्यावर टाका; वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जात असता असल्या कामासाठी बाटल्या विकत आणणे हा निव्वळ अपव्यय आहे. घर दाखवायचे म्हणून उंदरांचे औषध पेरणेही नको, कारण मेलेला उंदीर खाऊन मांजरही दगावते.

गिऱ्हाईक येताना मांजर आडवे जाऊन सौदा फिसकटेल या धास्तीने त्याला भर दुपारी बाहेर हाकलणारी, किंवा पोत्यात घालून पत्र्याच्या खोलीत कोंडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी मला सौम्य शब्द सुचत नाहीत. सौदा फिसकटतो तो किमतीवरून किंवा दस्तऐवजातल्या दोषामुळे. घरातल्या सर्वांत थंड खोलीत पाणी आणि पाटी ठेवून, जाळीची खिडकी किलकिली करून, बाहेरून कुलूप लावावे व किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, दलालाच्या नव्हे. ती खोली गिऱ्हाइकाला शेवटी, स्वतः उभे राहून दाखवावी.

ताबा देण्याच्या दिवशी हमालांची ये-जा सुरू होण्यापूर्वी, उन्हे चढण्याच्या आत, मांजर झाकणाच्या टोपलीत असले पाहिजे, आणि नव्या घरी पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे. मांजराचा जीव माणसात नसून वास्तूत असतो, तेव्हा घराबरोबर तेही नव्या मालकाच्या कब्जात जाईल, ही सबब मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही: प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील अकराव्या कलमान्वये, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून जाणे हा गुन्हा आहे. खरेदीदार मांजर सांभाळायला खुशीने राजी आहे की नाही, हे इसारपावती होण्याआधीच त्याला समक्ष विचारा. तो नाही म्हणाला, तर टोपलीची जागा तुमच्या गाडीत.