व्हेरोना परिसरातील द्राक्ष सुकविण्याची पद्धती

उत्तर इटलीत आदिजे नदीच्या वळणावर व्हेरोना हे प्राचीन शहर वसलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन प्रेक्षागार तेथे आजही उभे असून, २००० साली या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. शहराच्या वायव्येस व्हालपोलिचेल्ला हा द्राक्षप्रदेश आहे. डोंगरउतारावरील माती वाहून जाऊ नये म्हणून तेथील शेतकऱ्यांनी दगडी ताली रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली आहेत. कोर्व्हिना, कोर्व्हिनोने व रोन्दिनेल्ला या तेथील प्रमुख जाती होत. वेली चढविण्याची जुनी रीत मांडवाची असून, पानांच्या सावलीमुळे घड उन्हाने करपत नाहीत.

द्राक्षे सुकवून मद्य करण्याची येथील प्रथा फार जुनी आहे. सहाव्या शतकातील राजमंत्री कासिओदोरस याच्या एका पत्रात तिचे वर्णन आढळते.

तोडणीच्या वेळी निरोगी व मोकळ्या मण्यांचेच घड निवडतात. दाट घडात हवा खेळत नाही व बुरशी लवकर धरते. पूर्वी हे घड बोरूच्या ताट्यांवर पसरीत. त्याच ताट्या रेशमाचे किडे पाळण्यासही उपयोगी पडत. आता उथळ पेट्या वापरतात. हवेशीर माळ्यावर तीन-चार महिने ठेवल्यावर वजन सुमारे एक-तृतीयांशाने घटते व रसातील साखरेचे प्रमाण वाढते. सर्व साखर आंबवून ‘आमारोने’ हे कोरडे मद्य, तर काही साखर राखून ‘रेचोतो’ हे गोड मद्य होते. उरलेला चोथाही वाया न घालविता साध्या मद्यात पुन्हा मुरवितात.

या काळात दमट हवा हा मोठा शत्रू असतो. एक सडका घड राहिल्यास बुरशी शेजारच्या घडांत पसरते व वर्षभराचे श्रम फुकट जातात. म्हणून कोरड्या दिवशी खिडक्या उघडणे, धुक्यात त्या बंद करणे व नासके मणी वेचणे ही कामे नित्य करावी लागतात. अलीकडे पंख्यांचीही जोड मिळाली आहे.

व्हालपोलिचेल्ला मद्यास १९६८ साली नियंत्रित नामाभिधान मिळाले, तर आमारोने व रेचोतो यांना २०१० साली सर्वोच्च दर्जाचे नामाभिधान मिळाले. त्यानुसार हेक्टरी उत्पादनास मर्यादा असून, त्यातील ठराविक भागच सुकविता येतो. भाव चढा असला की अधिक माल सुकविण्याचा मोह होतो. परंतु हलक्या मालाने नाव गेले, तर नुकसान साऱ्या खोऱ्याचे होते. मालाची निवड, स्वच्छता व सर्वांनी पाळलेली शिस्त यांवरच या प्रदेशाची पत टिकून आहे.