चुलीजवळचा फोटो

मामाने नवा डिजिटल कॅमेरा आणला. तोरणमाळच्या यशवंत तलावाचा फोटो उन्हात आयएसओ १०० वर स्वच्छ आला. घरात चुलीजवळ आजीचा काढला, तर सगळा पुसट! आजी म्हणते, "मी तर हललेच नाही." खरंच होतं. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने पाव सेकंद डोळा उघडा ठेवला. तेवढ्यात माझाच हात हलला. मग आयएसओ १६०० केला. आकडा १६ पट, म्हणून वेळ १६ पट कमी, सुमारे १/६० सेकंद. आजी स्पष्ट आली, पण रव्यासारखे दाणे दिसले. आयएसओने उजेड वाढत नाही, मिळालेलाच फुगवून दाखवला जातो, त्यात दाणेही फुगतात. पूर्वी यासाठी रोळच बदलावा लागे. फ्लॅशने आजीचे डोळे मिटतात, म्हणून दाण्यांचाच फोटो खाली चिकटवला आहे.