काळी माती श्रीमंत कशाने?

आनंद नगरहून रायसेन रोडने शहराबाहेर पडलं, की एप्रिल-मेमध्ये गहू काढलेल्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. ही आपली काळी माती. जुन्या मराठीत गावाचे दोनच भाग: राहायची ती पांढरी, पिकवायची ती काळी.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात चार जमिनी आहेत. वाट, खडक, काटेरी झुडपं लगेच समजतात. पण ‘चांगली जमीन’ चांगली कशामुळे, हे प्रभू येशू सांगत नाही, फक्त तीसपट, साठपट, शंभरपट पीक दाखवतो. मग मातीलाच विचारू.

बहुतेकांना वाटतं, काळी म्हणजे कुजलेल्या पाल्याने भरलेली. तसं मुळीच नाही; सेंद्रिय कर्ब तिच्यात बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. खरी श्रीमंती चिकणमातीच्या कणांत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट झिजून ती बनली. तिचे कण पापुद्र्यांचे, आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांचे धनभारित कण त्याला चिकटून राहतात आणि मुळं मागतील तसे सुटतात. पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की फाटते. पाणी अशी धरून ठेवते म्हणूनच पूर्वी माळव्यात पावसाळाभर शेत मोकळं ठेवून, नुसत्या मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा काढायचे.

मग बेसाल्ट असला की झालं? कोकणातही बेसाल्टच आहे. पण रत्नागिरीला भोपाळच्या अडीचपटीहून जास्त पाऊस. विरघळणारं सगळं तो धुऊन नेतो, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरतं: तोच लाल जांभा. माती आम्ल होते, स्फुरद लोहात अडकतो. इकडे भीमबेटकाचा खडक वालुकाश्म. त्याच्या वाळूत द्यायला फारसं काही नाही, धरायलाही नाही.

कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळ्याच्या राखेतला चुना आणि पालाश तिथल्या आम्ल मातीला हवाच असतो. आपल्याकडे नरवाई, म्हणजे गव्हाचे उरलेले खुंट, पेटवतात तेव्हा मात्र हिशेब उलटतो. काळी माती आधीच चुनखडीची, राखेवाचून तिचं काही अडत नाही. तिला कमी पडतो तो नत्र आणि कर्ब, आणि धुरातून नेमके हेच दोन जातात. शेतकऱ्याला हे कळत नाही असं मला वाटत नाही. गव्हानंतर उन्हाळी मूग घ्यायचा, तर हातात थोडेच दिवस असतात. खुंट कुजायला ओल आणि वेळ लागतो, काडेपेटीला दोन्ही लागत नाही.