थायरॉइडची तपासणी आणि आपली मोठी झालेली मुले



पेसाहच्या आधी घराची साफसफाई करायला माझी मुलगी मदतीला आली होती. वय चौतीस, लग्न झालेली, चांगल्या नोकरीत. एक खोली आवरून झाली नाही तोच ती सोफ्यावर आडवी झाली. बाहेर ऊन, तरी अंगात स्वेटर. कंगव्यात केसांचा पुंजका. मी म्हटले, "बाळ, एकदा थायरॉइडची बदिका करून घे. मला आहे, तुझ्या आजीलाही होता." ती म्हणाली, "ईमा, दाय! काम जास्त आहे म्हणून थकते. तुला सगळीकडे आजारच दिसतात."

मी नर्स म्हणून नोकरी केली, त्यामुळे हे बोलणे जरा लागले. पण खरे सांगायचे तर स्वतःचा आजार मलाही दोन-तीन वर्षे ओळखता आला नव्हता. वजन वाढले, पोट साफ होईना, आवाज जड झाला, आणि मी म्हणत राहिले, 'वय झाले.' मुंबईत माझ्या आईच्या गळ्याला सूज होती. तिला घरात कोणी आजार म्हटलेच नाही.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. शरीराचा सगळा वेग तिच्या हार्मोनवर चालतो. ती मंद पडण्याचे इथे नेहमी आढळणारे कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच ग्रंथीवर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी जास्त आढळतो.

हा आजार घराण्यातून येतो, पण आईला आहे म्हणजे मुलीला होणारच असे नाही. मुलांकडे जाते ती प्रवृत्ती. एकाच घरात आईची ग्रंथी मंद आणि मावशीची जास्त वेगाने चालणारी, असेही असू शकते. मावशीला वजन घटणे, छातीत धडधड आणि हात थरथरणे असा त्रास होतो. त्या आजाराला ग्रेव्हजचा आजार म्हणतात.

तपासणी साधी आहे. हातातून थोडे रक्त घेतात आणि टीएसएच मोजतात. टीएसएच म्हणजे मेंदूच्या खालच्या ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम. थायरॉइड ऐकेनाशी झाली की हुकूम वाढतो. म्हणून आकडा जास्त म्हणजे ग्रंथी मंद. पुष्कळजण इथे उलटे समजतात. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्यांनी आकडे चुकीचे येऊ शकतात. माझी मुलगी नेमक्या त्याच गोळ्या घेत होती.

दोन महिने मी तिच्या मागे लागले. फोन केला की तोच विषय. शेवटी तिने फोन उचलणे कमी केले, तेव्हा मला माझी चूक कळली. एके दिवशी आम्ही दोघीच असताना मी विचारले, "तुला भीती कशाची वाटते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वर्ष झाले, दिवस राहत नाहीत. दोष माझ्यातच निघाला तर?" (हे तिला विचारून लिहीत आहे.)

मी तिला सांगितले की यात दोष कोणाचाच नाही, माझाही नाही आणि तिचाही नाही. थायरॉइड मंद असेल तर दिवस राहायला अडचण येऊ शकते आणि गर्भपाताचा धोकाही वाढतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते. म्हणून ही गोष्ट आधी कळलेली बरी, कारण तिच्यावर रोजच्या एका गोळीचा उपाय आहे. मग एका कागदावर मी आजीचे, माझे आणि मावशीचे आजार, ते कोणत्या वयात कळले आणि औषध कोणते, एवढे लिहून दिले. पुन्हा विषय काढला नाही.

पाच-सहा आठवड्यांनी, शब्बाथ सुटल्यावर तिचा फोन आला. टीएसएच बराच वाढला होता. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करून गोळी सुरू केली. आता सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा ठरेल. पुढचे ती सांगेल तेव्हा ऐकेन.

तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. शब्बाथच्या जेवणाला सुनेसमोर, जावयासमोर विषय काढू नये. एकांतात बोलावे.

२. "तू कर" म्हणण्याआधी "मला असे झाले" हे सांगावे.

३. घराण्यातले आजार कागदावर लिहून द्यावेत. कुपत खोलीमचे डॉक्टर हे विचारतात आणि मुलांना ते ठाऊक नसते.

४. "जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासले होते" असे मुले म्हणतात. ती तपासणी जन्मतःच असणाऱ्या दोषाची असते. पुढे होणारा आजार तिच्यात दिसत नाही.

५. मुलांच्या डॉक्टरांना आपण परस्पर फोन करू नये. रिपोर्ट त्यांचा आहे.

६. घरात कोणाला मेड्युलरी नावाचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल तर मात्र थांबू नये. त्यातल्या काही घराण्यांत जनुकातला बदल प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलांना हे सांगावेच, आणि जनुक-सल्ल्यासाठी डॉक्टरांकडे पाठवावे. नोकरीची किंवा विम्याची भीती वाटत असेल तर सांगावे की जनुक तपासणीची माहिती मालकाने वा विमा कंपनीने मागू नये, असा इथे २००० सालापासून कायदा आहे.

७. गळ्यात गाठ लागली, किंवा आवाज बरेच दिवस बसलेला राहिला, तर कोणत्याही वयात लगेच दाखवावे. आपणही "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नये.

माझ्या मुलाने अजून तपासणी केलेली नाही. कागद त्याच्याकडेही आहे. त्याने तो टाकून दिलेला नाही, फ्रिजवर चुंबकाखाली लावला आहे, असे सून म्हणाली. मी वाट पाहते आहे.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.