आधी ड्रॉइंग वाचा, मग साधन उचला

भोसरीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनच्या टेबलामागे माझी नोकरीची वर्षं गेली. आयटीआयमधून नवी पोरं येतात तेव्हा त्यांच्याकडे हमखास एक डिजिटल व्हर्नियर असतो आणि तो ती सगळ्याला लावतात. पत्र्याला, शाफ्टला, बोअरला, कंटाळा आला तर चहाच्या ग्लासालाही. खाली लिहिलंय ते त्या पोरांना वेळोवेळी सांगितलेलं आहे. पहिला मुद्दा सोडला तर क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. साधनाला हात लावण्याआधी विचारा, किती चुकलं तर चालेल?

ड्रॉइंगवर नुसतं २५ मिमी लिहिलेलं असलं तर काहीच कळलेलं नसतं. त्याच्या शेजारी काय आहे ते बघायचं. पाण्याच्या टाकीच्या ब्रॅकेटवर २५ अधिक-उणे १ असेल, तर स्टीलची पट्टी पुरे. पण तेच २५ ‘छोटा एच सहा’ (h6) ही टॉलरन्सची खूण घेऊन आलं, तर शाफ्ट २५.००० पेक्षा मोठा चालत नाही आणि २४.९८७ पेक्षा लहानही चालत नाही. एकूण जागा १३ मायक्रॉनची. नेहमीच्या व्हर्नियरवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. जी जागा मोजायची तीच साधनाच्या एका भागापेक्षा अरुंद! तिथे व्हर्नियर लावून ‘ओके’ लिहिणारा माणूस मोजत नसतो, नुसती सही करत असतो.

जुने लोक टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शापर्यंत भरवशाचं साधन घ्या म्हणायचे. १३ मायक्रॉनचा दहावा हिस्सा सव्वा मायक्रॉन होतो. शॉपमध्ये ते परवडत नाही, म्हणून बहुतेक जण एकास चारवर समाधान मानतात. तेवढ्यालाही ०.०१ चा साधा मायक्रोमीटर कमी पडतो. मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर हवा, नाहीतर स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांवर, सेट केलेला डायल कंपॅरेटर.

ब्रॅकेटला मायक्रोमीटर लावणाऱ्यालाही मी तितकाच ओरडतो. गॅस-कटिंगच्या कडेवर मायक्रोमीटर त्या कडेचा खरबरीतपणा मोजतो आणि वर स्वतःची तोंडं घासून घेतो.

२. पडद्यावरचा आकडा आणि खरं माप यांच्यात अंतर असतं.

डिजिटल व्हर्नियर शेवटचा आकडा ०.०१ दाखवतो. त्याच्यासोबत आलेला कागद कोणी वाचत नाही. चांगल्या कंपनीच्या दीडशे मिमीच्या साधनावरही अचूकता साधारण अधिक-उणे ०.०२ लिहिलेली असते. स्वस्तातल्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटचा आकडा दिसतो म्हणून तो खरा मानायचा नाही. त्यातून जबडे उघडे असताना कोणाचा अंगठा झिरोच्या बटणावर पडला, की पुढची सगळी मापं सारखीच आणि सारखीच चूक. आकडे इतके ठाम दिसतात की शंका घ्यावीशी वाटत नाही. रेघांच्या व्हर्नियरवर निदान डोळे बारीक करावे लागतात.

३. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर यांच्यातला फरक रेघांपेक्षा बांधणीत जास्त आहे.

पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसानं १६३१ मध्ये सरकत्या पट्टीची युक्ती छापली. ती अजून तशीच चालते. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केले, की दोन्हीकडच्या एकेका भागात ०.०२ चा फरक पडतो. कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळली ते बघायचं. वाचण्याची युक्ती झकास आहे. अडचण दुसरीकडे आहे. मोजपट्टी वर असते आणि जॉब खाली, जबड्यांच्या मध्ये. सरकता जबडा थोडा जरी ढिला असला तरी दाबल्यावर तिरका होतो. मीटरला एक मिलिमीटर इतकाच तिरकेपणा धरा. जॉब पट्टीपासून ४० मिमी खाली धरलेला असेल तर माप ०.०४ ने चुकतं, आणि रेघा मात्र छान जुळलेल्या दिसतात.

जर्मनीत येना इथे त्साइसच्या कारखान्यात काम केलेल्या अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये हेच नियम म्हणून मांडलं. मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एका रेषेत हवी. मायक्रोमीटरमध्ये ती असते, कारण स्क्रू थेट जॉबच्या रेषेत पुढे सरकतो. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, थिंबलवर ५० भाग, म्हणून एका भागाला ०.०१. पण त्याची खरी ताकद त्या सरळ रेषेत आहे.

हातातला धडा एवढाच. व्हर्नियर वापरायचाच असेल तर जॉब जबड्यांच्या टोकाला धरू नका, आत पट्टीजवळ सरकवा. आणि मायक्रोमीटरचं रॅचेट फिरवा, थिंबल नको. जी-क्लॅम्पसारखा आवळलेला मायक्रोमीटर हातात येतो तेव्हा कोण वापरत होतं ते मला विचारावं लागत नाही.

४. दोन बिंदूंवर मोजून वस्तू गोल आहे हे कळत नाही.

हा मुद्दा सांगताना मला सगळ्यात मजा येते, कारण पोरांचा विश्वासच बसत नाही. सेंटरलेस ग्राइंडिंगहून आलेली पिन. मायक्रोमीटर कुठूनही लावा, माप तेच. पुन्हा फिरवून लावा, पुन्हा तेच. असेंब्लीवाले सांगतात की भोकात जात नाही. पोरगं म्हणतं, “काका, भोक लहान असणार.” भोकही तपासलेलं असतं.

पिनला तीन बारीक फुगवटे आलेले असतात. प्रत्येक फुगवट्यासमोर एक चपटेपणा, म्हणून समोरासमोरचं अंतर सगळीकडे सारखं. मायक्रोमीटर दोनच बिंदूंवर टेकतो, त्याला हे दिसायची सोय नाही. पटत नसेल तर इंग्लंडचं ५० पेन्सचं नाणं आठवा, १९६९ मध्ये आलेलं सात बाजूंचं. ते गोल नाही हे लहान पोरालाही दिसतं, तरी कुठूनही मोजा, रुंदी तेवढीच भरते. नाण्यांच्या यंत्रात ते चालतं ते त्यामुळेच.

अशा वेळी पिन व्ही-ब्लॉकवर ठेवायची, वर डायल लावायची आणि हातानं हळू फिरवायची. काटा वरखाली नाचू लागला की फुगवटे सापडले. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून टर्न केलेल्या पातळ बुशचंही हेच होतं. चकमध्ये असेपर्यंत बोअर गोल, चक सोडला की तीन ठिकाणी बदललेला. म्हणून पातळ बुश चकमधून काढल्याशिवाय मी मोजत नाही. ऑपरेटर चिडतो, चिडू द्यावा.

५. भोक हे बाहेरच्या मापाचं उलटं टोक नव्हे.

व्हर्नियरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी बोअर मोजता येतो, पण त्या जबड्यांना थोडा चपटेपणा असतो. भोक जितकं लहान तितकं माप कमी दाखवलं जातं. पाच मिमीच्या खाली तर मी ते जबडे वापरूच देत नाही. तिथे पिन गेज लावा.

मोठ्या बोअरला डायल बोअर गेज. तो आत घालून मागेपुढे झुलवायचा आणि बोअर जिथे सगळ्यात लहान दिसेल ते माप धरायचं, कारण तिरका असताना तो मोठंच अंतर मोजतो. हे झुलवणं पुस्तकात एका ओळीत असतं. हाताला यायला बराच वेळ लागतो.

६. कधीकधी आकडा नसलेलं साधन सगळ्यात चांगलं.

हजारो नग येतात तेव्हा प्रत्येकाचा व्यास किती हे कोणाला हवं असतं? बसतो की नाही, एवढंच हवं असतं. त्यासाठी गो-नोगो गेज. ‘गो’ बाजू गेली पाहिजे, ‘नोगो’ बाजू जाता कामा नये. वाचायला काही नाही, म्हणून चुकीचं वाचायलाही काही नाही. रात्रपाळीला हा फायदा फार मोठा ठरतो. विल्यम टेलर या इंग्रज कारखानदारानं १९०५ मध्ये यामागचं तत्त्व नीट बसवलं. ‘गो’ गेजनं पूर्ण आकार एकदम तपासावा, ‘नोगो’नं एकेक माप वेगळं. प्लग गेजची ‘गो’ बाजू लांब आणि ‘नोगो’ आखूड असते ती म्हणूनच. वर सांगितलेली तीन फुगवट्यांची पिन पूर्ण गोल ‘गो’ रिंगमध्ये अडकली असती.

सुतारांना हे आपलं आपण माहीत असतं. दोन भिंतींच्या मधल्या कोनाड्यात फळी बसवायची तर जुना सुतार टेप काढत नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून भिंतींना टेकवतो, पेन्सिलीची खूण करतो आणि त्या पट्ट्याच फळीवर आणून ठेवतो. आत टेप वाकवून कोपऱ्यात माप वाचण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

७. तापमान मोजल्याशिवाय बारीक माप म्हणजे अंदाजच.

लांबीची सगळी औद्योगिक मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १९३१ पासून जगभर हे ठरलेलं आहे. पुण्यात मे महिन्यात शॉपमध्ये ४० अंश असतं. स्टील दर अंशाला दर मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम जवळजवळ त्याच्या दुप्पट. लेथवरून नुकताच उतरलेला ॲल्युमिनियमचा १०० मिमीचा जॉब ५० अंशांना असेल, तर २० अंशांच्या मानानं तो ०.०७ मिमी मोठा असतो. ऑपरेटर त्या मापावर आणखी एक कट मारतो आणि संध्याकाळपर्यंत जॉब लहान झालेला असतो.

एसी खोली नसली तरी उपाय आहे. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर शेजारी तासभर ठेवा. दोन्ही स्टीलचे असतील तर दोन्ही सारखेच वाढलेले असतात आणि चूक आपोआप कटते. ॲल्युमिनियमला मात्र हिशेब करावाच लागतो. स्लिप गेज उघड्या बोटांनी धरून गप्पा मारणाऱ्याला मी टेबलापासून उठवतो, हाताची ऊब तिथे पुरेशी असते.

मोठ्या कामातही हेच दुखणं. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजली, तेव्हा शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, तंबूच्या सावलीत, शेजारी थर्मामीटर लावून मोजली होती. पुढे त्याच सर्वेक्षणाची धुरा जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली, त्यांच्या काळात दहा फुटांचे खास दांडे आले. त्यांत पितळ आणि लोखंड यांची जोडी अशी बांधलेली होती की एकाच्या वाढण्यानं दुसऱ्याचं वाढणं निष्प्रभ व्हावं. आपल्याकडे शेताच्या मोजणीला ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी असायची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. तिला असे लाड नव्हते आणि गरजही नव्हती. बांधावरच्या मापाला उन्हानं वाढलेले दोन-तीन मिलिमीटर कोण विचारतो?

८. टेपच्या पुढचा हूक हलतो, तो हलायलाच हवा.

बरेच जण हूक ढिला झाला म्हणून ठोकून घट्ट करतात. असं करू नका. तो स्वतःच्या जाडीइतका मागेपुढे सरकतो. कडेला अडकवून ओढला की जाडी मापाबाहेर जाते, भिंतीला टेकवून दाबला की मापात येते. दोन्ही वेळा शून्य बरोबर राहतं. हूक वाकला असेल तर आतलं १०० मिमी सोडून मापायला सुरुवात करा, पण ते १०० वजा करायचे हे शेजारच्यालाही मोठ्यानं सांगा. ग्रिलच्या कामात बरोबर शंभर मिमीनं आखूड आलेली चौकट बघितली की मला काय घडलं असेल ते कळतं.

घरच्या कामात आणखी एक गोष्ट बघा. खिडकीचं माप घेणारा आणि ग्रिल कापणारा यांच्याकडे एकच टेप असू द्या. टेप दोन मिमीनं चुकीचा असला तरी चालेल, दोघांचा एकसारखा चुकू द्या.

९. लेझरचा मीटर खोल्यांसाठी घ्या, कपाटांसाठी नको.

फरशी, रंग, वायरिंग यांच्या हिशेबाला तो उत्तम. अचूकता साधारण दीड-दोन मिमी. मोजणी यंत्राच्या पाठीकडून धरली आहे की तोंडाकडून, हे आधी बघा. काचेवर ठिपका फसतो, उन्हात दिसत नाही.

१०. पहिल्या पगारात काय घ्यावं, असं पोरं विचारतात.

दीडशे मिमीची कोरलेल्या रेघांची स्टील पट्टी, छापलेल्या रेघांची नको, त्या पुसतात. पाच मीटरचा टेप. एक गुण्या. रेघांचा व्हर्नियर, म्हणजे बॅटरी संपली हे कारण उरत नाही. मायक्रोमीटर आणि स्लिप गेज मालकानं द्यायचे, कॅलिब्रेशनचा दाखला त्यानंच वर्षाला काढायचा. आणि डिजिटल व्हर्नियर आधीच घेतला असेल तर असू दे, रोज सकाळी जबडे पुसून, बंद करून झिरो बघ, आणि बॅटरी महाग असते, चहाचा ग्लास मोजायचा बंद कर.